ठेका हवा, पण गोंधळ नको: पार्टीपलीकडचे नवे इंडी डान्स अल्बम सुचवा

निमूट (धागाकर्ता)

मंडळी, गेलं वर्षभर रात्रपाळी चालू आहे. पहाटे चालत घरी येतो, बरोबर पाऊण तासाचा रस्ता. डोळे मिटायला लागलेले असतात आणि पाय तर चालवायचे असतात, म्हणून कानात ठेका लागतो. नुसतं शांत संगीत लावलं की मी रेंगाळतो, एकदा तर चक्क उभ्या उभ्या पेंगलो. पण पहाटे पाचला कुणी कानात 'हात वर करा' म्हणून किंचाळायला लागलं की हेडफोन नाल्यात भिरकावून द्यावासा वाटतो.

तर नाचाचा ठेका असलेले, पण जरा खोल, ऐकणारा शुद्धीवर आहे हे गृहीत धरणारे अल्बम सुचवा. अल्बम म्हणजे अख्खा अल्बम. एक हिट आणि नऊ भरतीची गाणी नकोत. शक्यतो गेल्या चार-पाच वर्षांतलं हवं. एलसीडी साउंडसिस्टमचा 'साउंड ऑफ सिल्व्हर' (२००७) पाठ आहे, जेमी एक्सएक्सचा 'इन कलर' (२०१५) झाला, स्वीडनची गायिका रॉबिनही झाली.

संगीतातली खोली म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारेलच. मला व्याख्या येत नाही, उदाहरण देतो. 'साउंड ऑफ सिल्व्हर'वरच्या 'ऑल माय फ्रेंड्स' गाण्यातला तो पियानो. पहिल्या सेकंदापासून तेच ते वाजवत राहतो, साडेसात मिनिटांच्या वर, आणि जरासा धडपडत. कधी ठेक्याच्या पुढे, कधी मागे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, वाजवणाऱ्याला धड येत नाही. काही महिन्यांनी डोक्यात उजेड पडला की गाणं वय वाढत चाललेल्या माणसाचं आहे आणि त्याचं धापा टाकत धावणं पियानो करतोय. शब्द तर मला तेव्हा अर्धेही कळले नव्हते. तसलं काहीतरी हवंय.

अर्धाकप

वाचनखूण साठवली. या विषयात मी ठार ढ आहे, पण नाल्याच्या मुद्द्याला +१.

खर्जातला

निमूट, पाऊण तासासाठी पहिलं नाव डोळे झाकून: सोफिया कोर्तेसिसचा 'माद्रेस' (२०२३). बाई मूळची पेरूची, राहते बर्लिनला. माद्रेस म्हणजे आया, 'आई'चं अनेकवचन. तिच्या आईला कर्करोग झाला होता, इलाज संपत आले होते. तेव्हा हिनं समाजमाध्यमांवर जाहीर साकडं घातलं की पेटर वायकोत्सी नावाच्या न्यूरोसर्जनपर्यंत मला कुणीतरी पोचवा, त्यांच्या नावानं गाणं करीन. निरोप पोचला, त्यांनी शस्त्रक्रिया केली, आईला पुढचं आयुष्य मिळालं. आणि अल्बमवर 'वायकोत्सी' नावाचं गाणं खरोखर आहे.

एवढं वाचून वाटेल की रडका मामला असणार. उलट आहे. इतका उजेड असलेला अल्बम गेल्या काही वर्षांत मी ऐकलेला नाही. घरभर खिडक्या उघडल्यासारखं वाटतं. ठेका सरळसोट हाउसचा (म्हणजे क्लबमधल्या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताचा), मोजून चारचा, पण त्याच्या आजूबाजूला माणसांची कुजबुज, गर्दीचे आवाज, आवाजांचे कापलेले तुकडे सतत येत-जात राहतात. त्याआधीचं तिचं 'ला पेर्ला' (२०२१) पण ऐका. वडील गेल्यानंतरचं आहे, समुद्राकडे बघत बसल्यासारखं.

दुसरं नाव, बोलिस पुपुलचा 'लेटर टू यू' (२०२४). यातलं 'यू' म्हणजे इंग्रजीतलं तू-तुम्ही नव्हे, त्याच्या आईचं नाव आहे. तो बेल्जियमचा, आई हाँगकाँगची. ती २००८ मध्ये अपघातात गेली. हा पुढे कितीतरी वर्षांनी हाँगकाँगला जातो, तिच्या जन्माच्या रस्त्यावर उभा राहतो आणि तिला पत्र लिहितो. त्या रस्त्याच्या नावाचंही एक गाणं आहे, 'मा ताउ वाय रोड'. शहराचे टिपलेले आवाज, खेळण्यातल्यासारखे सिंथ (सिंथेसायझर), खाली घट्ट बेस. शीर्षकगीत ऐकताना मात्र रस्ता ओलांडू नका.

तिसरा, त्याच बोलिसनं शार्लट अडिजेरीबरोबर केलेला 'टॉपिकल डान्सर' (२०२२). निर्मिती सोलवॅक्स बंधूंची. हा एकदम वेगळ्या चवीचा. वंशद्वेष, परकेपणा, बायकांशी वागण्याच्या तऱ्हा, सगळं आहे, पण भाषण एकही नाही, नुसती चेष्टा. 'हाहा' नावाचं गाणं तिच्या हसण्याचे तुकडे कापून जोडलेलं आहे. पहिल्या मिनिटाला तुम्हीही हसता. तिसऱ्या मिनिटाला ते हसू आहे की रडू, हे सांगता येईनासं होतं.

तिरकी_सम

मला धाग्याचं शीर्षकच खटकलं. 'पार्टीपलीकडचे' म्हणजे काय? पार्टी उथळ असते हे कुणी ठरवलं?

हाउस जिथं जन्मलं तो शिकागोचा 'वेअरहाउस' क्लब घ्या. १९७७ पासून फ्रँकी नकल्स तिथं वाजवायचा. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी पुरुष. बाहेरच्या जगात ज्यांना धड श्वास घेता येत नव्हता त्यांची ती जागा. त्याच शहरात १२ जुलै १९७९ ला कॉमिस्की पार्कच्या मैदानात, दोन बेसबॉल सामन्यांच्या मधल्या वेळेत, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटानं उडवून दिला. गर्दी मैदानात घुसली, मैदानाची वाट लागली, दुसरा सामना झालाच नाही. त्या दिवशी तिथं प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करणारा एक पोरगा होता, विन्स लॉरेन्स. पुढे हाउसच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांपैकी 'ऑन अँड ऑन' (१९८४) मध्ये त्याचा हात आहे.

ज्या लोकांवर हे सगळं गुदरलं त्यांच्यासाठी शनिवारची रात्र हीच खोल गोष्ट होती. गाण्यात शब्द दोनच असतील, तेही 'नाच' आणि 'आणखी नाच'. तुम्हाला दुःखाची गोष्ट चिकटवलेली असली तरच ते संगीत खोल वाटतं का? मग तुम्ही संगीत ऐकता की चरित्र वाचता?

अर्धाकप

आता मजा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (हलके घ्या.)

खर्जातला

तिरकी_सम, इतिहासाबद्दल दंडवत, शंभर टक्के मान्य. चरित्र वाचण्याचा टोलाही थोडा लागला, कारण मी वर तेच केलंय. 'माद्रेस'ची गोष्ट आधी सांगितली, आवाज नंतर.

पण प्रश्न अल्बमचा आहे आणि अल्बम हा नाचाच्या संगीताचा जुना दुखरा गुडघा आहे. हे संगीत बारा इंची तबकडीसाठी घडलं. एका बाजूला एक ट्रॅक, सहा-सात मिनिटांचा, सुरुवातीला आणि शेवटी नुसताच ठेका, म्हणजे डीजेला आधीच्या गाण्यातून यात आणि यातून पुढच्यात सरकता येतं. तो ट्रॅक पूर्ण करतो डीजे, समोरची गर्दी पाहून. तसले दहा ट्रॅक एकामागे एक लावले की अल्बम होत नाही, गोदाम होतं. घरी एकट्यानं ऐकणाऱ्याच्या वाट्याला दर गाण्याला दीड मिनिट नुसती धडधड येते.

म्हणून ज्यांना अल्बम जमतो ते काय करतात हे बघण्यासारखं असतं. फ्लोटिंग पॉइंट्स (सॅम शेपर्ड, गडी न्यूरोसायन्सचा डॉक्टरेट आहे) 'कॅस्केड' (२०२४) मध्ये शब्द जवळजवळ टाळतोच. पण आवाजाचा एक कण उचलतो आणि तो पाच-सात मिनिटांत इतका उलगडत नेतो की शेवटी मूळ कण ओळखू येत नाही. विलंबितात एकच स्वर घोळवत ठेवणारा गवई असतो ना, जाम पुढे सरकत नाही आणि तरी आपण हलत नाही, तसं. फक्त इथं लय चढी आहे. यात कुठलीही दुःखद कथा नाही, बघा.

तिरकी_सम

हे पटलं. 'कॅस्केड' माझाही लाडका. शीर्षकाबद्दलची तक्रार मात्र कायम.

निमूट

शीर्षकाबद्दल तिरकी_सम यांचं बरोबर आहे. 'पार्टीपलीकडचे' ऐवजी 'मी एकटा असताना' असं म्हणायला हवं होतं. आता बदलता येत नाहीये, संपादनाची मुदत संपली.

मधुरा_के

एरवी मी वाचनमात्र असते, पण पाऊण तास चालणं वाचून राहवलं नाही.

निमूट, एलसीडी साउंडसिस्टमचा '४५:३३' ऐकलात का? २००६ मध्ये नाइकी कंपनीनं धावणाऱ्यांसाठी म्हणून करून घेतलेला, नावाप्रमाणे साधारण पाऊण तासाचा एकसंध तुकडा. तुमच्या रस्त्याच्या मापाचाच आहे. त्याच्या मध्यात एक सुरावट येते, साधी, टपटप पडणाऱ्या थेंबांसारखी. ती ऐकल्याबरोबर तुम्ही थबकाल, कारण तीच पुढच्या वर्षी 'साउंड ऑफ सिल्व्हर'वर 'समवन ग्रेट' झाली. जवळचं माणूस गेल्याची बातमी येते आणि त्या दिवशी बाकी सगळं तसंच चाललेलं असतं, हवासुद्धा छान पडलेली असते, त्याबद्दलचं गाणं. व्यायामासाठी केलेल्या चालीवर त्याला शोक मांडावासा वाटला.

माझे वडील गेले त्यानंतरच्या महिन्यात मी दुसरं काही ऐकूच शकत नव्हते. संथ, उदास गाणी लावली की ती माझ्याकडून रडण्याची अपेक्षा करतात असं वाटायचं. याचा ठेका काही अपेक्षा करत नव्हता. मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि तो चालू होता, बस. एका सदऱ्याची घडी मी तीनदा मोडून तीनदा घातली, तेवढ्यात गाणं संपलं होतं.

तिरकी_सम यांच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर हेच. गोष्ट माहीत असायची गरज नाही. मला तेव्हा त्या गाण्यामागचं काहीही माहीत नव्हतं.

नव्यातलं म्हणाल तर एव्हरीथिंग बट द गर्लचा 'फ्यूज' (२०२३). ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट, नवराबायको, चोवीस वर्षांनी एकत्र अल्बम. मधल्या काळात तिचा आवाज खाली उतरलाय, थोडा खरबरीत झालाय, आणि त्यांनी तो झाकलेला नाही. 'नथिंग लेफ्ट टू लूज' मध्ये खाली जो बेस घरंगळतो त्यावर तिचा आवाज एकटा उभा असतो. साठीच्या घरातल्या माणसांनी केलेलं नाचाचं संगीत असं असू शकतं हे मला माहीतच नव्हतं.

आणि केली ली ओवेन्सचा 'इनर साँग' (२०२०). ती आधी मँचेस्टरच्या कर्करोग रुग्णालयात काम करायची. वेल्समधली आहे. 'जीनेट' हे आजीसाठी केलेलं गाणं, एकही शब्द नाही. 'कॉर्नर ऑफ माय स्काय' मध्ये वेल्सचाच जुना गायक-वादक जॉन केल येतो आणि इंग्रजी-वेल्शमध्ये पावसाबद्दल काहीबाही म्हणत राहतो. २०२४ चा 'ड्रीमस्टेट' जास्त उघडा आणि मोठ्या मैदानाचा आहे. मला 'इनर साँग'च प्रिय.

झोपमोड

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

जुनाट

तरुण मंडळींनी २०२० च्या आधीचं जग नव्हतंच असं धरून चाललंय म्हणून म्हातारा मध्ये तोंड घालतो.

'इंडी डान्स' हा शब्द आज ऑनलाइन दुकानांत कुठल्याही मध्यम लयीच्या सिंथवाल्या ट्रॅकला चिकटवलेला दिसतो. मूळ गोष्ट साधी होती: गिटार वाजवणाऱ्या पोरांना क्लबची चटक लागली. न्यू ऑर्डर घ्या. आधी ते जॉय डिव्हिजन होते, त्यांचा गायक इयन कर्टिसनं मे १९८० मध्ये आत्महत्या केली, उरलेल्यांनी नाव बदललं आणि १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' काढलं. यंत्राचा ठेका आणि त्यावर मख्ख, भावशून्य आवाज. मित्र गमावलेल्या माणसांनी केलेलं नाचाचं गाणं आहे ते, आणि दुःखाचा उच्चारही नाही. मग प्रायमल स्क्रीमचा 'स्क्रीमाडेलिका' (१९९१). अँड्र्यू वेदरॉल या डीजेनं त्यांच्या एका रडक्या गाण्याची मोडतोड करून 'लोडेड' केलं आणि सगळं बँडच पालटलं. ब्रिटनमध्ये अल्बमला देतात ते मर्क्युरी पारितोषिक, पहिलंच (१९९२), त्यालाच. 'अख्खा अल्बम' म्हणजे काय याचं ते उत्तर: रात्र चढते, टिपेला जाते, उतरते, आणि शेवटी माणूस एकटा उरतो, हे सगळं त्या क्रमानं आहे.

अवांतर: चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची तबकडी काढली. हाताशी रोलंड कंपनीची तीन यंत्रं: टीबी-३०३ (बेसचं), टीआर-८०८ (ठेक्याचं) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर). ३०३ हे खरं तर बेसगिटारवाल्याची जागा घ्यायला काढलेलं यंत्र, त्या कामात सपशेल नापास झालं. सिंगांनी त्यावर भैरव वाजवला. सुरांची घसरण आणि मींड त्या यंत्राला जमते हे त्यांनी ओळखलं. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्युचर नावाच्या गटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' आलं, त्याच यंत्राच्या चिरक्या आवाजाचं, आणि ॲसिड हाउस सुरू झालं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. सिंगांच्या तबकडीकडे तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झालं. २०१५ मध्ये ते गेले. नवा अल्बम नाही हे कबूल, पण पहाटे पाचला भैरव चालेलच.

अर्धाकप

जुनाटकाका, हे मला आज कळतंय याची लाज वाटली. ऐकायला घेतलं. स्वयंपाकघरात बायको विचारतेय काय बिघडलंय म्हणून.

खर्जातला

काका, तुमच्या अवांतराला जोडून: बायसेपचा 'आयल्स' (२०२१). बेलफास्टची दोन पोरं. त्यातलं 'संडायल' सुरू झालं की एक ओळखीचा बाईचा आवाज विरळ होऊन तरंगतो. कुठं ऐकलाय, कुठं ऐकलाय करत मी दोन दिवस काढले. तो 'राजा रानी' (१९७३) मधल्या 'जब अंधेरा होता है' चा तुकडा आहे, म्हणजे आशाबाई! मूळ गाणं खट्याळ, चोरपावलांचं. इथं ते दुरून, भिंतीपलीकडून येतं, आणि खट्याळपणा जाऊन नुसती हुरहुर उरते. तुकडा वापरणं म्हणजे चोरी म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

सायलेन्सर

माझी भर थोडक्यात, कारण मला लांब लिहिता येत नाही.

निया आर्काइव्ह्ज, 'सायलेन्स इज लाउड' (२०२४). जंगल नावाचा प्रकार आहे, म्हणजे ठेका मिनिटाला १६०-१७० च्या घरात, तुमच्या चालण्याला जड जाईल. पण वर जी गाणी आहेत ती गिटारवर म्हणता येतील अशी. 'क्राउडेड रूम्स' भरल्या खोलीतल्या एकटेपणाचं. ड्रम धावतात आणि बाई जागच्या जागी उभी आहे असं वाटतं.

येजी, 'विथ अ हॅमर' (२०२३). राग या एकाच विषयावर, कोरियन आणि इंग्रजीत, कुजबुजत. ओरडून न व्यक्त केलेला राग जास्त भीतिदायक असतो.

एला मायनस, 'आक्ट्स ऑफ रिबेलियन' (२०२०) आणि 'दिया' (२०२५). कोलंबियाची, किशोरवयात हार्डकोर पंक बँडमध्ये ड्रम वाजवायची. सगळं खऱ्या यंत्रांवर. दुसरा अल्बम मला अजून पुरता उलगडलेला नाही.

मारी डेव्हिडसन, 'सिटी ऑफ क्लाउन्स' (२०२५). आपल्यावर पाळत ठेवून पैसा करणाऱ्या कंपन्यांबद्दल. विनोदी आहे. खरंच.

मधुरा_के

रोमीचा 'मिड एअर' (२०२३) राहिला का? द एक्सएक्स या बँडमधली. तिची आई ती लहान असतानाच गेली. 'स्ट्राँग' हे तिच्या आतेभावाला की मामेभावाला (इंग्रजीत कळत नाही मेलं) उद्देशून आहे, त्याचीही आई गेलेली. 'दरवेळी खंबीर राहायची गरज नाही' एवढंच सांगणं, पण ट्रान्सच्या, म्हणजे भव्य क्लबसंगीताच्या, भल्यामोठ्या सिंथवर. तो सिंथ एरवी मला स्वस्त वाटतो. इथं तो नसता तर गाणं भेटकार्डावरच्या मजकुरासारखं झालं असतं.

हॉट चिपचा 'अ बाथ फुल ऑफ एक्स्टसी' (२०१९) थोडा जुना आहे, पण त्याचा एक निर्माता फिलीप झदार अल्बम यायच्या दोन दिवस आधी पॅरिसमध्ये इमारतीवरून पडून गेला. इतक्या आनंदी अल्बमला असा डाग लागला. मला तो आता निव्वळ आनंदानं ऐकता येत नाही, आणि हे चांगलं की वाईट ते ठरवताही येत नाही.

तिरकी_सम

हेच म्हणत होतो मी. गोष्ट कळली आणि ऐकणं बदललं. परत मागे जाता येत नाही.

खर्जातला

कॅरिबूचा विषय कुणीच कसा काढला नाही? कॅरिबू म्हणजे डॅन स्नेथ, गणितातला डॉक्टर, हसऱ्या तोंडाचा माणूस. 'स्विम' (२०१०) करताना त्याला पाण्यासारखं वाहतं नृत्यसंगीत हवं होतं, आणि ऐकताना आवाज खरोखर एका कानातून दुसऱ्या कानात डुचमळतो. 'ओडेसा' म्हणजे संसार सोडून निघालेल्या बाईचं गाणं. २०२० चा 'सडनली' घरातल्या मृत्यूंचा, आजारपणांचा. तो तुमच्या यादीत हवाच.

२०२४ च्या 'हनी'वर त्यानं स्वतःचाच आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेनं बदलून घेतलाय. गाणारी बाई वाटते ती तोच असतो. मला ऐकायला मजा आली, पण 'सडनली'त त्याचा तो पातळ, जरा लाजरा आवाज हाच तर जीव होता.

आणि एक तांत्रिक विनंती. हे फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. कीक-ड्रमचं (ठेक्यातल्या जाड धपधप आवाजाचं) वजन साधारण ५०-६० हर्ट्झला असतं, फोनचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. तुम्हाला ठेक्याचा फक्त टिकटिक भाग ऐकू येतो. आणखी एक गोष्ट हरवते: कीक पडला की बाकीचे आवाज क्षणभर मुद्दाम दाबतात आणि मग सोडतात. त्यामुळे सगळं गाणं श्वास घेतंय असं वाटतं. कीकच ऐकू आला नाही तर तो श्वास नुसती आवाजाची वरखाली वाटतो, रेडिओ बिघडल्यासारखी.

निमूट

मंडळी, नऊ दिवसांनी हजर. रोज पहाटे एक, असं चाललंय. प्रामाणिक अहवाल.

'माद्रेस' पहिल्या दिवशी. पाऊण तासाचा रस्ता अडतीस मिनिटांत संपला, उरलेलं जिन्यात बसून ऐकलं. खर्जातला, तुम्ही गोष्ट आधी सांगितलीत म्हणून मी 'वायकोत्सी' येईपर्यंत वाट बघत बसलो आणि त्या नादात आधीची दोन गाणी नीट ऐकलीच नाहीत. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा ती जास्त आवडली. तिरकी_सम यांना अर्धा गुण.

'टॉपिकल डान्सर' ऐकताना रस्त्यात मोठ्यानं हसलो. समोरून फिरायला आलेल्या बाईंनी कुत्र्याची दोरी आवळली.

'हनी' नाही आवडला. आवाजाची भानगड वाचण्याआधीच ऐकला होता, त्यामुळे त्याचा दोष नाही. सगळं चकचकीत आहे, पकडायला कुठं खाच नाही. 'सडनली' मात्र तीनदा झाला.

जंगल चालताना जमत नाही, सायलेन्सर यांचं खरं. एक तर अर्ध्या लयीत चालायचं, नाहीतर पळत सुटायचं. मी अर्ध्या लयीत चाललो. काय आश्चर्य, तसं चालल्यावर ड्रमपेक्षा तिचं गाणं पुढे आलं.

'कॅस्केड' घरी आल्यावर अंधारात ऐकला. लिहिता येत नाही त्याबद्दल.

चरणजित सिंग: काका, भैरवाच्या वेळी नेमकं उजाडत होतं. जास्त काही बोलत नाही.

जुनाट

बास. पोचलं.

तिरकी_सम

अर्धा गुण स्वीकारतो. 'लेटर टू यू' ऐकलात का?

निमूट

काल. शीर्षकगीताच्या वेळी रस्ता ओलांडू नका असं खर्जातला यांनी बजावलं होतं म्हणून सिग्नलला थांबलो. माणूस हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. कानात बोलिस पत्र वाचत होता, मागे ठेका तसाच चालू होता. माझी आई धडधाकट आहे, रोज फोनवर भांडते. घरी पोचल्यावर तिला फोन लावला. पहाटे सहाला का उठवलंस म्हणून भांडलीच.

आज 'फ्यूज' लावणार होतो, पण हेडफोनची बॅटरी मेली आहे.

मधुरा_के

मग आज नकोच. 'फ्यूज' फोनच्या स्पीकरवर लावलात तर खर्जातला इथं येऊन बोलणी घालतील.

खर्जातला

घालणारच.